ली कंपनीची ०.३५८ इंची पुश-थ्रू सायझिंग डाय: माप का हलतं आणि ते कुठे पकडायचं

सायझिंग डाय म्हणजे ओतलेली गोळी ढकलून नेमक्या व्यासाची करणारं पोलादी भोक. घरी बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या ओतणाऱ्यांची ली प्रिसिजनच्या या डायबद्दल एक तक्रार ठरलेली आहे. डायवर ०.३५८ कोरलेलं असतं, पण बाहेर पडणारी एक गोळी ०.३५८५ इंच भरते, दुसरी ०.३५७५, तर तिसरी एका बाजूने एक माप दाखवते आणि फिरवून धरली की दुसरंच. मग डाय भंगार ठरते आणि तिला एक तारा मिळतो. माझे पाचपैकी चार तारे. एक का कापला तेही पुढे सांगतो, पण तो या तक्रारीमुळे नाही. पोलादात केलेल्या भोकाचं माप एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत बदलत नसतं. डाय चुकीच्या मापाची असू शकते, पण मग ती सगळ्या गोळ्या सारख्याच चुकीच्या देईल. दहा गोळ्यांची दहा मापं येत असतील, तर एकतर आत जाणारं शिसं वेगवेगळं आहे, किंवा मोजण्यात गडबड आहे.

हा मजकूर अमेरिकेत राहून हा छंद करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकण्यासाठी बनवायची तर लागतो. आपल्या राज्याचे नियम वेगळे तपासावेत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे भारतातल्या वाचकांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं.

किटमध्ये काय येतं? ७/८-१४ आट्याची (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे) डाय, काडतुसं भरायच्या प्रेसच्या रॅमवर, म्हणजे वर-खाली होणाऱ्या खांबावर, शेल होल्डरच्या (काडतूस धरणाऱ्या तुकड्याच्या) जागी सरकवायचा सपाट डोक्याचा पंच, वर बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि लिक्विड अलॉक्स या पातळ ल्युबची, म्हणजे वंगणाची, बाटली. गोळी पंचावर बूड टेकवून उभी ठेवायची आणि प्रेसचा दांडा ओढायचा. गोळी टोक वर करून डायमधून ढकलली जाते आणि वरच्या डब्यात पडते. यात गोळीच्या टोकाला काहीच शिवत नाही, बूड सपाट पंचावर असतं, आणि गोळी डायमध्ये स्वतःच मध्याला येते. एवढ्या साध्या रचनेत बिघडण्यासारखं फार काही नाही, आणि मला ही डाय आवडते ती त्याचसाठी.

आता मोजमापापासून सुरुवात करू, कारण निम्म्या तक्रारी इथेच संपतात. डिजिटल व्हर्नियर पडद्यावर चौथा आकडा दाखवत असला, तरी त्याची अचूकता साधारण एक थाऊ इकडे-तिकडे असते. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. आपण ज्या अर्ध्या थाऊबद्दल भांडतोय, तो व्हर्नियरच्या चुकीतच बुडून जातो. त्याचे जबडे धारदार असतात, शिसं मऊ असतं, जरा जोर लागला की जबडा रुततो. ०.०००१ इंच वाचणारा, रॅचेट असलेला मायक्रोमीटर घ्या. तो कदाचित डायपेक्षा महाग पडेल, तरीही आधी तोच घ्या. शून्य तपासा, आणि मग ०.३५८ च्या आसपासच्या पिन गेजवरही, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी पिनेवरही, तपासा. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ०.३५८ ला बरोबर असेलच असं नाही.

मोजताना गोळीवर वाळलेलं अलॉक्स असेल तर मिनरल स्पिरिटच्या (रंग पातळ करायच्या द्रावकाच्या) फडक्याने पुसून घ्या. त्या थराचा अर्धा थाऊ सहज होतो. गोळी आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत तासभर ठेवलेले असावेत. शिसं तापमानाने बरंच फुगतं. २० अंश सेल्सिअसच्या फरकाला ०.३५८ ची गोळी सुमारे ०.०००२ इंचाने बदलते, म्हणजे गॅरेजमधून आणलेली थंड गोळी आणि हातात धरून उबवलेली गोळी यांची मापं जुळणार नाहीत. शिवाय कुठे मोजलं हेही लिहून ठेवा: बुडाचा बँड, मधला बँड, पुढचा बँड (बँड म्हणजे ल्युबच्या खाचांच्या आजूबाजूचे गोळीचे जाड पट्टे). एक गोळी बुडाशी आणि दुसरी पुढे मोजून केलेली तुलना काही कामाची नाही.

मायक्रोमीटरवर भरवसा बसला की खरी तपासणी. त्याच ओतलेल्या लॉटमधल्या दहा गोळ्या घ्या, खालच्या बुडावर मार्करने १ ते १० आकडे टाका आणि डायमध्ये घालण्याआधी प्रत्येकीची दोन मापं लिहा: एक साच्याच्या सांध्यापासून सांध्यापर्यंत, दुसरं त्याला काटकोनात. मग सगळ्या बँडवर काळ्या मार्करने शाई फासा, शाई वाळू द्या, हलकं ल्युब लावा आणि डायमधून काढा. आता भिंगाखाली पाहा. जिथे डायने धातू दाबला तिथे शाई पुसली जाऊन बँड आरशासारखा चमकतो. जिथे शाई तशीच काळी राहिली, तिथे डाय गोळीला शिवलेलीच नाही.

दहापैकी बऱ्याच गोळ्यांवर अशी काळी पट्टी सापडली तर दोष कुठला हे कळलं. सायझिंग डाय गोळी लहान करू शकते, मोठी कधीच नाही. साच्यातून ०.३५७५ ची पडलेली गोळी ०.३५८ च्या डायमधून न घासता निघते आणि ०.३५७५ च राहते. लंबगोल गोळी असेल, म्हणजे एका दिशेने ०.३६० आणि दुसऱ्या दिशेने ०.३५७५, तर मोठी बाजू ०.३५८ होते, लहान बाजू जवळपास तशीच राहते. आणि माणूस म्हणतो डाय गोल नाही. डाय गोलच आहे, गोळीत तिला भरायला पुरेसं शिसं नव्हतं. साच्यातून पडलेली गोळी सर्वात लहान दिशेनेही डायपेक्षा निदान एक थाऊ मोठी हवी. म्हणजे ०.३५८ साठी ०.३५९ च्या खाली एकही माप नको. माझ्या मते या डायच्या डब्यावर छापायला हवी ती सूचना हीच.

गोळी लहान किंवा लंबगोल का पडते त्याची कारणं साच्यात असतात. काटकोनातलं माप सांध्याकडच्या मापापेक्षा मोठं असेल तर साच्याचे दोन ठोकळे पूर्ण मिटत नाहीत. मिटणाऱ्या पृष्ठभागावर शिशाचा शिंतोडा चिकटलेला असतो, किंवा जुळवणीच्या पिनांशी कचरा असतो. साचा तापलेला असताना लाकडी काडीने तो खरवडा. धातूचं हत्यार ॲल्युमिनियमच्या साच्याला लावू नका, त्याने पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक गोळीवर उमटेल. सांध्यावर बारीक पापुद्र्यासारखी बर, म्हणजे धातूची फालतू कड, दिसत असेल तरी निदान तेच. याउलट बँडच्या कडा गोलसर आणि अंगावर सुरकुत्या असतील तर साचा किंवा शिसं थंड आहे, धातू कोपऱ्यापर्यंत पोचलेला नाही. मिश्रधातूत कथील दोन टक्क्यांच्या आसपास असलं की साचा चांगला भरतो. भांडं ७०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७० सेल्सिअसच्या जवळ ठेवून ओतण्याची लय एकसारखी राखली की लॉटमधली मापं जवळ येतात. मध्ये पाच मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं तर पहिल्या काही गोळ्या बाजूला टाका.

शाई सगळीकडून पुसली गेली आणि तरीही मापं हलत असतील, तर प्रश्न मिश्रधातूचा आहे. शिसं दाबलं की पूर्ण दबत नाही, डायमधून सुटल्यावर थोडं परत फुलतं. किती फुलेल ते कडकपणावर ठरतं. शुद्ध शिसं, बीएचएन (ब्रिनेल कडकपणा) ५ च्या आसपास, डायचं माप जवळजवळ जसंच्या तसं घेतं. ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी असलेलं लायमन नंबर २, बीएचएन १५, त्याहून थोडं जास्त उसळतं. लिनोटाइप, म्हणजे ८४ शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, बीएचएन २२, आणखी जास्त. पाव ते अर्धा थाऊ फरक एवढ्यानेच पडतो. त्यातून लिनोटाइपची गोळी साच्यातूनच मोठी पडते, कारण ते थंड होताना कमी आकसतं.

म्हणून भंगारातली चाकांची वजनं (गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती) वितळवून जे शिसं मिळतं त्यातच अनेकांच्या बदलत्या मापांचं मूळ असतं. क्लिपवाली वजनं आणि चिकटवायची वजनं यांचा धातू एक नाही. चिकटवायच्या वजनांत जवळपास निव्वळ शिसं असतं, क्लिपवाल्यांत तीन टक्क्यांच्या आसपास अँटिमनी. एका भांड्यात एक, दुसऱ्या भांड्यात दुसरं जास्त पडलं की दोन लॉट एकाच डायमधून दोन मापांचे निघणार. जस्ताची वजनंही त्यात मिसळलेली असतात. जस्त ४१९ सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे भांडं ३७० च्या आसपास ठेवलं तर ती वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. ती एकदा विरघळली तर साचा नीट भरत नाही. उपाय साधा आहे: मोठ्या कढईत सगळं भंगार एकदाच वितळवा, नीट ढवळा, विटा पाडा, आणि वर्षभर त्याच विटा वापरा.

साच्यातून थेट पाण्याच्या बादलीत पाडलेल्या गोळ्यांचं आणखी वेगळं. अँटिमनी आणि जराशा आर्सेनिकमुळे त्या पुढचे काही दिवस कडक होत जातात. ओतल्या दिवशी डायमधून काढल्या तर दांडा सहज ओढला जातो आणि माप जवळ येतं. दोन आठवड्यांनी त्याच गोळ्यांना जोर लागतो आणि त्या जास्त उसळतात. अर्ध्या आज, अर्ध्या पुढच्या महिन्यात केल्या तर एकाच लॉटची दोन मापं झालीच म्हणून समजा. शिवाय कडक झाल्यावर डायमधून काढलं की घासलेला पृष्ठभाग पुन्हा मऊ पडतो, म्हणजे मिळवलेला कडकपणा नेमका बंदुकीच्या नळीशी घासणाऱ्या जागचाच नाहीसा होतो. पाण्यात पाडत असाल तर त्याच दिवशी सायझिंग उरकावं.

एका फटक्यात किती दाबायचं यालाही मर्यादा आहे. दोन, फार तर तीन थाऊ. ०.३६२ ची गोळी थेट ०.३५८ ला ओढली तर ल्युबच्या खाचा उथळ होतात, गोळी लांबते आणि बुडाच्या कडेला शिसं मागे ओघळून बर येते. ती बर पुसली गेली नाही तर बुडाचा बँड मोठा मोजला जातो. मधे ०.३६० ची डाय घ्या.

ल्युबचं प्रमाण हा त्याहून सोपा, पण दुर्लक्षित भाग. कोरडी गोळी ढकलली तर शिसं डायच्या आत चाटलं जातं. तो थर वाढत गेला की भोक आखडतं, पृष्ठभागावर उभे ओरखडे दिसतात, आणि पहिल्या गोळीपासून पन्नासाव्या गोळीपर्यंत माप हळूहळू खाली सरकतं. मापं उलटसुलट न उडता एका दिशेने सरकत असतील तर पहिला संशय याचाच घ्या. मिनरल स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं, पितळी ब्रश, पुन्हा कोरडं फडकं. सँडपेपर नको. जास्त अलॉक्सनेही हेच होतं, वाळलेला राळेसारखा थर तोंडाशी जमतो. अलॉक्स थोडं पातळ करून गोळ्यांना नुसता सोनेरी रंग चढेल एवढंच लावा, रात्रभर वाळू द्या, सायझिंग करा, मग दुसरा हलका हात द्या.

पावडर कोटिंग करणाऱ्यांनी, म्हणजे गोळीवर रंगाची पूड भाजून थर चढवणाऱ्यांनी, हिशेब वेगळा मांडावा. कोटिंगने व्यास एक-दोन थाऊने वाढतो आणि तो थर सगळीकडे सारखा नसतो. २०४ सेल्सिअसला वीस मिनिटं भाजताना पाण्यात पाडून मिळवलेला कडकपणाही उतरतो, त्यामुळे कोटिंगआधीची आणि नंतरची उसळी एक नसते. सायझिंग कोटिंगनंतर करा. अंतिम माप तेच धरायचं.

गोळीच्या बुडाला गॅस चेक, म्हणजे तांब्याची छोटी वाटी, असेल तर ती शिशापेक्षा जास्त उसळते आणि बुडाशी माप थोडं मोठं येतं. .३० कॅलिबरमध्ये आधी ०.३११ च्या डायमध्ये चेक बसवून मग ०.३०९ ला आणलं की तो सरळ बसतो.

बुडावरची स्प्रूची, म्हणजे ओतताना साच्याच्या तोंडाशी उरलेल्या शिशाची, गाठही तपासा. स्प्रू लवकर कापली तर शिसं ओढलं जाऊन खड्डा पडतो, ती कापणारी साच्यावरची प्लेट सैल असेल तर गाठ राहते. गाठीवर उभी गोळी पंचावर कलते आणि डायमध्ये तिरकी शिरते. व्यास बरोबर येतो, पण चमकणारा पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसतो. ही गोळी मायक्रोमीटरला पास होईल आणि निशाण्याच्या कागदावर भलतीकडे जाईल. डाय प्रेसमध्ये बसवताना रॅम पूर्ण वर गेल्यावर पंच आकार देणाऱ्या भागाच्या पार जाईल एवढी खाली घ्या. नाहीतर गोळी आतच अडकते आणि पुढच्या गोळीचं टोक तिच्या बुडात रुततं.

आता डाय खरोखर चुकीची आहे का ते पाहायचं तर शुद्ध, मऊ शिशाची मोठी गोळी किंवा गोळा तिच्यातून ढकला आणि मोजा. उसळी जवळपास नसल्याने तेच भोकाचं माप. पिन गेज असतील तर अधिक चांगलं. या किमतीच्या डायमध्ये कोरलेल्या मापापेक्षा अर्धा थाऊ इकडे-तिकडे असू शकतो असं धरून चालावं. तारा कापला तो इथे. लहान असेल तर उघडता येते: लाकडी दांडीला उभी चीर पाडून त्यात ४०० नंबरचा पॉलिश पेपर अडकवा, तेल लावून ड्रिलवर हळू फिरवत सतत आत-बाहेर करा, मग ६०० नंबर. दर काही सेकंदांनी थांबून डाय धुवा, थंड होऊ द्या, मऊ शिशाने मोजा. हव्या मापाच्या पाव थाऊ आधी थांबा, कारण गेलेला धातू परत येत नाही. मोठी निघाली तर काही करता येत नाही, दुसरी घ्यावी. एनओई या साचे बनवणाऱ्या कंपनीच्या एकेक थाऊच्या टप्प्यातल्या बुशिंग (आत बसवायच्या बदलत्या नळकांड्या) हा त्यावर चांगला पर्याय आहे, बॉडी एकच आणि बुशिंग बदलायची.

ल्युब भरता भरता मापही देणाऱ्या लायमन ४५०० किंवा आरसीबीएसच्या ल्युब-ए-मॅटिक या यंत्रांशी तुलना विचारली जाते. घट्ट, पारंपरिक ल्युब खाचांत भरायचं असेल तर ती यंत्रं हवीतच. पण त्यांत गोळी वरून टॉप पंचाने दाबली जाते. पंच टोकाला जुळला नाही तर गोळी कलते. खोली कमी ठेवली तर पुढचा बँड डायपर्यंत पोचतच नाही आणि मोठाच राहतो. एकाच गोळीवर दोन मापं दिसली की तिथे आधी खोलीचा स्क्रू पाहा. नुसत्या मापाच्या एकसारखेपणाला मी लीच्या पुश-थ्रूलाच पसंती देईन.

एक शेवटची जागा, जिथे निष्पाप डायवर आळ येतो. ९ एमएमसाठी ०.३५६ किंवा ०.३५७ ला काढलेली मऊ गोळी काडतुसाच्या जाड भिंतीच्या केसमध्ये (पितळी पुंगळीत) बसवली, वर कार्बाइड रिंगच्या फॅक्टरी क्रिंप डायने (केसचं तोंड गोळीभोवती आवळणाऱ्या डायने) घट्ट केली, तर केसच तिला पुन्हा ०.३५५ पर्यंत दाबते. नळीत शिसं चिकटतं आणि माणूस सायझिंग डाय बदलत बसतो. भरलेल्या लॉटसाठी बंदुकीची दारू आणि प्रायमर (ती पेटवणारी टोपी) नसलेलं एक नमुन्याचं काडतूस बनवा, हातोडीसारख्या पुलरने गोळी बाहेर काढा आणि मोजा. ती लहान झाली असेल तर केसचं तोंड उघडणारा एक्स्पांडर मोठा घ्या, क्रिंप सैल करा.

कुठलं माप मागवायचं ते कोरलेल्या आकड्यावरून ठरवू नका. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरचे थ्रोट (प्रत्येक घराचं पुढचं अरुंद तोंड) पिन गेजने मोजा, गोळी त्यातून बोटाच्या दाबाने जेमतेम सरकायला हवी. पिस्तूल किंवा रायफलमध्ये, शस्त्र रिकामं असल्याची खात्री करून, मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून नळीच्या आतल्या खाचांचा व्यास घ्या आणि त्याहून एक ते दोन थाऊ मोठी डाय मागवा. काम संपल्यावर हात साबणाने धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं घरच्या कपड्यांत टाकू नका. ज्या भांड्यात शिसं वितळवलं ते आणि ज्या ओव्हनमध्ये कोटिंग भाजलं तो, दोन्ही स्वयंपाकघरात कधीही परत जाऊ देऊ नका.